वाडीची आगोट : वीज, गॅस आणि डिझेल नसताना तीस दिवस कसे काढायचे

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत सगळा पट्टा झोडपून गेलं. आमच्या वाडीत वीज परत आली ती सव्विसाव्या दिवशी. त्या दिवसांत सगळ्यात आधी अडलं ते पाणी, उजेडाचं नंतर. नळयोजनेचा पंप विजेवर, घरोघरच्या विहिरींवरचे पंप विजेवर, आणि रहाट तर कधीच मोडून मांगराच्या मागे टाकलेले. चौथ्या-पाचव्या दिवशी दुसरी गोष्ट अडली, तिचा विचार कुणीच केला नव्हता. कणगीत भात होतं, पण गिरण बंद. घरात वर्षाचं धान्य आणि शिजवायला तांदूळ नाही, अशी अवस्था किमान सात-आठ घरांची झाली.

पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. त्यानंतर आम्ही ठरवलं, की आगोट घराघराची न ठेवता वाडीची करायची. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : पावसाळ्याआधी लाकूडफाटा, मीठमसाला, सुकी मासळी, डाळी, आमसुलं यांची जी बेगमी करतात ती आगोट. तीच पद्धत पाणी, इंधन आणि विजेला लावायची, एवढंच आम्ही केलं. वादळ हे एक निमित्त. देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी अर्ध्याहून जास्त गॅस आणि खनिज तेलाचा तर बहुतेक सगळा वाटा बाहेरून, बराचसा आखातातून येतो. तिकडे काही पेटलं की इकडे सिलेंडरच्या गाडीची वाट पाहावी लागणार. त्यामुळे खालची तयारी वादळ नसलेल्या गावांनाही लागू आहे, फक्त तपशील बदलतील.

शिमग्याला बैठक

नवं मंडळ काढू नका. वाडीची बैठक, बचत गट, मुंबईचं ग्रामस्थ मंडळ हे आधीच आहेत. त्यांच्यापुढे विषय मांडा. आम्ही शिमग्याची वेळ निवडली, कारण चाकरमानी पालखीला येतात आणि मिरगाला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला, अजून अडीच-तीन महिने असतात. बैठकीत पहिल्याच दिवशी सौर पॅनेलचा विषय काढलात तर वर्गणी किती आणि ठेकेदार कोण यातच रात्र जाईल. एकच प्रश्न ठेवा : उद्यापासून तीस दिवस वीज, गॅस आणि पेट्रोल-डिझेल नाही, आपल्या घरात पहिलं काय अडेल? प्रत्येक उंबऱ्यातून एका बाईनं आणि एका पुरुषानं उत्तर द्यायचं. दोघांची उत्तरं वेगळी येतात. आमच्याकडे पुरुषांनी मोबाईल आणि मोटरसायकल सांगितली, बायकांनी पाणी आणि चूल सांगितली, आणि एका आजींनी सांगितलं, "माझं इन्सुलिन."

त्याच बैठकीत चार माणसं ठरवा : एक पाण्याची, एक चुलीची, एक विजेची, एक आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची. चुलीची जबाबदारी बाईकडेच हवी. ज्याला रोज चूल पेटवावी लागत नाही त्यानं चुलीच्या योजना आखल्या की त्या पडवीत धूळ खात पडतात.

वही : कुठल्या घराला काय लागतं

पुढचे दोन आठवडे घरोघर जाऊन वही भरायची. आमच्या वाडीत ४० उंबरे, त्यातली ३२ घरं बारमाही उघडी, माणसं १३०. प्रत्येक घराचं एक पान. त्यात महिन्याचे वीजयुनिट, सिलेंडर किती दिवस पुरतो, लाकूड किती, विहीर कुणाची, तिच्या पाण्याची पातळी मे महिन्यात किती खाली जाते, कोणाकडे जुनं जातं, रहाट, बंब, करवत, सायकल आहे, हे सगळं लिहायचं. कोण इन्सुलिन घेतं, कोण वाफेचं मशीन वापरतं, कुणाचे दिवस भरत आलेत, हे वेगळ्या पानावर, आणि ते पान फक्त त्या कामाच्या माणसाकडे.

वही भरून झाल्यावर थोडं गणित करा. ते केल्याशिवाय कुठलीही वस्तू विकत घेऊ नका, असा आमचा आग्रह आहे. एका घरात ५ वॉटचे तीन एलईडी दिवे चार तास लावले तर ६० वॉट-तास. दोन फोन चार्ज करायला साधारण ३०. म्हणजे ३२ घरांचा रात्रीचा उजेड आणि फोन मिळून जेमतेम तीन युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास). आता दुसरी बाजू बघा. २५ लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायला गिझर अर्ध्या युनिटहून जास्त वीज खातो. एका घरानं दोन बादल्या तापवल्या तर तेवढ्यात बारा घरांची रात्र उजळते. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग अडगळीतले तांब्याचे बंब बाहेर आले. बंबाला नारळाची सोडणं, करवंट्या, पोफळीच्या विऱ्या, झावळ्यांचे पिढे काहीही चालतं. त्यासाठी चांगलं लाकूड जाळायची गरज नाही.

पाणी : सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त मेहनत इथे

सरकारी नळयोजना माणशी ५५ लिटर रोज धरतात. १३० माणसांना म्हणजे सात हजार लिटर. अडचणीच्या काळात पिणं, रांधणं आणि जेमतेम धुणं-आंघोळ यांना माणशी २० लिटर धरा : २,६०० लिटर. हे दोन आकडे वेगळे ठेवा, कारण पहिला टाकीसाठी आहे आणि दुसरा हातांसाठी.

टाकी उंचावर हवी आणि तीन दिवसांचं पाणी मावेल एवढी हवी. आमच्यासाठी वीस हजार लिटर. वीज असताना टाकी भरलेली ठेवायची, म्हणजे वीज गेली तरी नळ उताराने चालू राहतो आणि तीन दिवसांची सवड मिळते. भरलेली टाकी हीच गावाची सगळ्यात स्वस्त बॅटरी आहे. तिला देखभाल नाही, पाच वर्षांनी बदलावी लागत नाही. मिरगाच्या आधी ती धुवायची, झाकण घट्ट आहे ना बघायचं, गळके वॉशर बदलायचे. आमच्या तीन सार्वजनिक नळांची गळती थांबवल्यावर टाकी किती जास्त टिकली ते डोळ्यांनी दिसलं.

त्यानंतर पंप. सात हजार लिटर पाणी ३० मीटर चढवायला पंपाची तूट धरून साधारण दीड युनिट वीज पुरते. एवढ्याशा विजेसाठी मोठा जनरेटर घेऊन ठेवायची गरज नाही. विहिरीवर बॅटरीशिवाय चालणारा सौर पंप असेल तर ढगाळ दिवशीही थोडं थोडं पाणी चढतं. शेतकऱ्यांसाठीच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला १० टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५ टक्के. तो पंप शेतकऱ्याच्या नावावर आणि शेतीसाठी असतो. पण वाडीत असा पंप असलेल्या शेतकऱ्याशी आपत्तीच्या दिवसांत पिण्याचं पाणी देण्याचं आधीच बोलून घ्या, आणि तसं वहीत लिहून त्याची सही घ्या. वादळानंतर मागायला गेलात तर देईल, पण नळी कुठून आणणार? नळी आणि जोडण्या मे महिन्यातच जोडून बघा.

आणि रहाट. दहा मीटर खोल विहिरीतून २,६०० लिटर पाणी दोन-तीन माणसांनी आळीपाळीनं ओढलं तर तीनेक तासांत निघतं. आम्ही करून पाहिलंय. अवघड वाटतं, पण ३२ घरांत वाटून घेतलं तर एका घराच्या वाट्याला आठवड्यातून एक पाळी येते. त्यासाठी विहिरीचा काठ बांधलेला हवा, लोखंडी रहाट तेलपाणी केलेला हवा, नवा दोर सुक्या जागी टांगलेला हवा. तीन विहिरी निवडा, एकच नको. एकीवर झाड पडू शकतं. वादळानंतर विहिरीत पालापाचोळा आणि गढूळ पाणी जातं, म्हणून ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायतीकडून आधी आणून ठेवा आणि मात्रा आरोग्यसेवकाकडून शिकून घ्या. डोंगरातल्या बारमाही झऱ्याचं पाणी पाटानं किंवा नळीनं वाडीत आणता येत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी ते करा.

पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुमारास, पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारे घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोणी, माती-वाळू आणि एक दिवसाचं श्रमदान एवढ्यावर होतात. विहिरीची पातळी वर राहिली की पंपाला आणि हातांना दोघांनाही कमी ओढावं लागतं.

चूल

गॅस पूर्ण सोडायचा नाही. तो पुरवायचा. प्रत्येक घरात एक भरलेला सिलेंडर मिरगाच्या आधी असावा, आणि तो चहा, दूध, आजाऱ्याची पेज यांसाठी राखावा. रोजचं जेवण तीस दिवस चुलीवर काढायची तयारी हवी.

पाच माणसांच्या घराला रोज पाचेक किलो सुकं लाकूड लागतं, म्हणजे महिन्याला दीडशे किलो. यात "सुकं" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. ओलं लाकूड बरीचशी आग स्वतःचं पाणी वाळवण्यातच घालवतं आणि उरलेलं बाईच्या डोळ्यांत धूर घालतं. फाटी होळीच्या आधी तोडून, फोडून, उन्हात दोन-तीन महिने वाळवून अक्षय्य तृतीयेनंतर खोपीत रचायची. खालून दगड किंवा पाट्या ठेवा, वरून झावळ्यांवर ताडपत्री. वाडीच्या खोपीत पाच-सहा घरांचा जादा साठा ठेवा. वादळात एखाद्याची पडवी उडते आणि सगळं लाकूड भिजतं.

वैलाची चूल असेल तर एकाच आगीवर दोन भांडी चढतात. धुराडं असलेली निर्धूर चूल त्याहून बरी, पण धुराडं दर महिन्याला साफ करणारं कुणी नसेल तर ती चार महिन्यांत साध्या चुलीहून वाईट होते. हे मी तीन घरांत पाहिलंय.

आता पेंढ्याच्या पेटीबद्दल, कारण इंधन वाचवणारी याहून सोपी गोष्ट मला माहीत नाही. लाकडी खोका किंवा मोठी टोपली घ्या, तळाला आणि बाजूंना वीतभर पेंढा दाबून बसवा, मधे पातेलं बसेल एवढी जागा ठेवा, वरून जुन्या गोधडीची उशी. भाताला उकळी आली, पाच मिनिटं रटरटला, की घट्ट झाकण लावून पातेलं पेटीत ठेवायचं. पाऊण तासात भात तयार. रात्रभर भिजवलेल्या डाळीला दहा-पंधरा मिनिटं उकळी दिली की दोन-तीन तासांत ती पेटीतच मऊ होते. कडधान्यांना वेळ जास्त, आणि राजमा-चवळीसारखं काही असेल तर आधी नीट खळखळून उकळू द्या. या पेटीनं आमच्याकडे चुलीजवळ बसायचा वेळ निम्म्यावर आला. पुण्याच्या 'आरती' संस्थेनं कोळशाच्या थोड्याशा कांड्यांवर अख्खा स्वयंपाक शिजवणारा सराई कुकर केला, त्याचंही तत्त्व जवळपास हेच : उष्णता तयार करण्यापेक्षा ती निसटू न देणं.

गोबरगॅसबद्दल खरं सांगायला हवं. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो ताजं शेण लागतं. त्यातून चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. आपल्या कोकणातली गुरं लहान, दिवसभर चरायला बाहेर. गोठ्यात रात्री पडणारं शेण प्रत्येकी पाच-सहा किलो. म्हणजे आठ-नऊ गुरं असलेल्या घरालाच ते जमतं, आणि अशी घरं आमच्या वाडीत तीन. त्या तिघांना आम्ही आग्रह केला, बाकीच्यांना केला नाही. अनुदान मिळतंय म्हणून बांधलेली आणि शेणाअभावी कोरडी पडलेली संयंत्रं गावोगाव आहेत. ओल्या कचऱ्यावरचं लहान संयंत्र हा दुसरा मार्ग. 'आरती'च्याच डॉ. आनंद कर्वे यांच्या या संयंत्राला २००६ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला होता. खरकटं, खराब पीठ, पडके आंबे, फणसाचे चारखंड त्यात जातात. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघराशेजारी असं एक बसवलं तर ते उपाशी राहत नाही.

धान्याचं : मिरगाआधी प्रत्येक घरानं महिनाभराचं भात भरडून, पीठ दळून ठेवायचं. वाडीत दळायची दोन जाती टाकी लावून, म्हणजे दगडाला छिन्नीनं खाचा पाडून, घेतली आहेत. आणि आगोटीच्या यादीत लवकर शिजणारं वाढवा. कुळथाची पिठी दहा मिनिटांत होते. पोहे, लाह्यांचं पीठ आणि सातूला तर आगच लागत नाही.

लाकूड कुठून येणार, हा प्रश्न टाळू नका. बांधांवर आणि कुंपणाला गिरिपुष्प लावा. ते छाटलं की फुटतं, पाला शेतात खताला जातो आणि फांद्या चुलीत. परड्यात बांबू आणि करंज. देवराईला हात नाही, हे बैठकीत सगळ्यांसमोर बोलून घ्या. ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळू शकतो त्यांनी गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाकडे बघावं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क मिळाला आणि जंगलातून काय, किती, कधी काढायचं ते ग्रामसभा ठरवते.

वीज

छतावरच्या सौर संचाबद्दल एक मोठा गैरसमज आहे आणि तो विकणारे बहुतेक वेळा दूर करत नाहीत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. योजना चांगली, बिल खरंच कमी होतं. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये अशीच राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. पण साधा ग्रीडला, म्हणजे गावात येणाऱ्या वीजलाईनला, जोडलेला संच लाईन गेली की स्वतःही बंद पडतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून तो तसा बनवलेला असतो, आणि ते बरोबरच आहे. डोक्यावर लख्ख ऊन, छतावर तीन किलोवॉट आणि घरात अंधार, असं होतं. वीज नसताना तो चालायला हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. घेण्याआधी विक्रेत्याकडून हे एक वाक्य लेखी घ्या : "लाईन गेल्यावर हा संच चालेल."

प्रत्येक घराला बॅटरी परवडत नाही, म्हणून आम्ही देवळाच्या सभामंडपात एक केंद्र केलं. गरज तीन युनिटची. आपल्याकडे उघडीप असली की १ किलोवॉट पॅनेल दिवसाला चार युनिट देतं, पण पावसाळ्यात भरून आलेल्या दिवशी एक-दीडच धरा. म्हणून २ किलोवॉट पॅनेल आणि ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. ॲसिडची स्वस्त बॅटरी घ्यायची तर लक्षात ठेवा, तिची निम्मीच वीज वापरायची असते. पुरी ओढलीत तर ती दोन वर्षांत मरते. आणि तिला हवेशीर जागा लागते. घरोघर तारा ओढायच्या नाहीत. चार्जिंगचे कंदील आणि फोन केंद्रावर आणायचे, बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी न्यायचे. पॅनेलचा सांगाडा वादळात टिकेल असा, पायाशी काँक्रीट भरलेला हवा. यात पैसे वाचवू नका.

जनरेटर असेल तर दोन गोष्टी जीवावर बेततात. तो घरात, पडवीत, बंद खोलीत कधीही चालवायचा नाही; धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. आणि चेंजओव्हर स्विचशिवाय (लाईन आणि जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा स्विच) घराच्या वायरिंगला जोडायचा नाही, नाहीतर उलटी वीज लाईनवर जाते आणि खांबावर चढलेला माणूस मरतो.

पऱ्यावर लहान जलविद्युत करता येईल का, हे आम्हाला नेहमी विचारतात. येतं. नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात बिलगावच्या लोकांनी केरळच्या दोन तरुण अभियंत्यांसोबत श्रमदानानं २००३ मध्ये १५ किलोवॉटचा प्रकल्प उभा केला होता. २००६ मध्ये तो सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. कोकणातले बहुतेक पऱ्ये मात्र दिवाळीनंतर आटतात. सहा महिने न वाहणाऱ्या पाण्यासाठी एवढा खर्च करू नये, असं माझं मत आहे.

आजारी माणसं

त्या वेगळ्या पानाकडे परत. ऑक्सिजनचं घरगुती मशीन ३०० ते ३५० वॉट घेतं, म्हणजे दिवसाला सात-आठ युनिट. आमचं केंद्र ते पेलू शकत नाही. अशा माणसाला वादळाचा इशारा येताच तालुक्याला नातेवाईकांकडे किंवा रुग्णालयात हलवायचं. कोणत्या गाडीनं, कोण नेणार, हे आधीच ठरलेलं. पावसाळाभर वाडीतल्या दोन गाड्यांची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. पेट्रोल घरात डब्यात साठवायचं नाही. इन्सुलिनसाठी मातीचं मडकं, त्याच्याभोवती ओली वाळू, आणि औषध किती दिवस चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारलेलं. त्या आजींचं मडकं आता सभामंडपातच असतं.

पैसे

घरटी महिना १०० रुपये. ३२ घरांचे वर्षाला ३८,४०० होतात. मुंबई मंडळानं तेवढेच घातले. खातं बँकेत, सह्या दोघांच्या, त्यातली एक बाईची. ज्याला वर्गणी जमत नाही त्यानं श्रमदानाचे दिवस द्यायचे, आणि ते वहीत वर्गणीच्याच रकान्यात लिहायचे. वेगळ्या रकान्यात लिहिलं की माणसाला कमीपणा वाटतो.

मे महिन्यातला एक दिवस

सगळं झालं की मेन स्विच पाडा. मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सहा ते रविवारी सकाळी सहा, वाडीतल्या सगळ्या घरांचा. गॅसचा रेग्युलेटरही काढून ठेवायचा. मुंबईची पोरं सुट्टीला आलेली असतात, त्यांना रहाटावर लावा. आजाऱ्यांची घरं यातून वगळा. पहिल्या वर्षी आमच्याकडे या एका दिवसात चौदा चुका निघाल्या : रहाटाचा दोर दोन हात आखूड होता, केंद्राची किल्ली ज्याच्याकडे तो खेडला लग्नाला गेलेला, दोन घरांत काडेपेटीच नव्हती कारण शेगडी लायटरवर पेटते, आणि सुनांपैकी तिघींना चूल पेटवता येत नव्हती. त्यांना त्याच दुपारी त्यांच्या सासवांनी शिकवलं.

चुका वहीत लिहायच्या, समोर कुणी आणि कधी दुरुस्त करणार ते लिहायचं, आणि गणपतीत, सगळे आलेले असताना, आरतीनंतर ते पान मोठ्यानं वाचायचं. यंदाच्या पानावर तीनच नोंदी होत्या. तिसरी अजून बाकी आहे : खालच्या विहिरीचा काठ.